स्वेच्छेच्या करारांनी चिंध्यांचे ढीग कमी होत नाहीत

ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबईत, लॅक्मे फॅशन वीकच्या मंचावर, तेव्हाच्या केंद्रीय वस्त्रोद्योगमंत्री स्मृती इराणी यांच्या उपस्थितीत ‘शुअर’ नावाचा एक संकल्प जाहीर झाला. कपडे उत्पादकांची मोठी संघटना त्यात होती, संयुक्त राष्ट्रांचे भारतातील कार्यालय होते आणि सोळा नामांकित ब्रँडनी त्यावर सह्या केल्या होत्या. २०२५ पर्यंत आपल्या मालाचा लक्षणीय हिस्सा निसर्गाला कमी उपद्रव देणाऱ्या मार्गाने तयार करू, असे त्याचे सार होते.

हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण संकल्प पाळला नाही तर पुढे काय, याचे उत्तर त्यात कुठेच नव्हते. कोणत्या कंपनीने किती नग विकले, त्यांतले किती परत आले, किती जाळले गेले आणि किती कचरा डेपोत गेले, हे लोकांना सांगण्याचे कायदेशीर बंधनही कुणावर आले नाही. २०२५ साल सरले, तेव्हा देशात टायर, बॅटरी, प्लास्टिक, ई-कचरा आणि वापरलेले तेल यांच्यासाठी उत्पादकांना जबाबदार धरणारे नियम लागू होते. कपड्यासाठी नव्हते.

तरीही कापडाच्या कचऱ्याचा विषय निघाला, की परिषदांमधून आणि उद्योगसंघटनांच्या निवेदनांतून तोच युक्तिवाद पुढे येतो. कायद्याचा बडगा नको, उद्योगाला विश्वासात घ्या. सरकारने वाट दाखवावी, अनुदान द्यावे, कंपन्या आपापल्या गतीने बदलतील. खरा दोष सतत खरेदी करणाऱ्या ग्राहकाचा आहे, तेव्हा त्याचे प्रबोधन करा. शुल्क लावले तर छोटा यंत्रमागधारक मरेल. आणि भारतात जुना कपडा वाया जातोच कुठे, आपल्याकडे गोधडी आहे, बोहारीण आहे, चिंध्यांवर चालणारे पानिपत आहे. ऐकायला हे समंजस वाटते. प्रत्यक्षात हा प्रयोग एका देशाने प्रामाणिकपणे, दशकभराहून अधिक काळ करून पाहिला आहे आणि त्याचे आकडे उपलब्ध आहेत. तो देश म्हणजे ब्रिटन.

ब्रिटनमध्ये ‘रॅप’ या संस्थेने सरकारच्या पाठबळावर २०१२ पासून २०२० पर्यंत कपड्यांसाठी एक ऐच्छिक कृती योजना चालवली. देशात विकल्या जाणाऱ्या कपड्यांपैकी जवळपास निम्मे कपडे विकणाऱ्या कंपन्या तिच्यात सामील होत्या. विक्री केलेल्या दर टनामागे कार्बन १५ टक्क्यांनी आणि पाण्याचा वापर १५ टक्क्यांनी घटवायचा, घरगुती कचऱ्यातून डेपोत किंवा भट्टीत जाणारे कपडे १५ टक्क्यांनी कमी करायचे, असे तिचे लक्ष्य होते. शेवटचा हिशेब बोलका आहे. कार्बन २१.६ टक्क्यांनी घटला. पाणी १८.२ टक्क्यांनी घटले. कचरा मात्र अवघा ४ टक्क्यांनी.

दोन विषयांत उद्दिष्टाच्या पुढे मजल आणि तिसऱ्यात पावाच्या आसपास, असे का झाले? कार्बन आणि पाण्यातली मोठी बचत अधिक चांगल्या पद्धतीने पिकवलेला कापूस घेतल्याने झाली. हा निर्णय कंपनीच्या खरेदी विभागात एका टेबलावर होतो. ग्राहकाला त्याचा पत्ता लागत नाही, विक्री घटत नाही, उलट जाहिरातीत सांगायला एक गोष्ट मिळते. कचऱ्याचे तसे नाही. विकलेला कपडा परत गोळा करायचा तर माणसे लागतात, गोदामे लागतात, निवड करणारे अनुभवी हात लागतात आणि या सगळ्याचे पैसे कुणाला तरी भरावे लागतात. शिवाय कमी माल बाजारात आणावा लागतो. पदरमोड करण्याची वेळ आली, तिथे स्वेच्छा संपली. याला कंपन्यांचा दुष्टपणा म्हणण्याचे कारण नाही. भागधारकांना उत्तर देणारी कुठलीही कंपनी, शेजारची कंपनी करत नसताना, एकट्याने हा खर्च उचलणार नाही.

ती योजना संपली आणि एप्रिल २०२१ मध्ये ‘टेक्स्टाइल्स २०३०’ आली. तीही ऐच्छिक. २०१९ ते २०२२ या काळाचा तिचा अहवाल वाचताना खरे दुखणे हाती लागते. सहभागी कंपन्यांनी दर टन कापडामागे कार्बन १२ टक्क्यांनी आणि पाणी ४ टक्क्यांनी कमी केले. पण याच काळात त्यांनी बाजारात आणलेला माल १३ टक्क्यांनी वाढला. त्यामुळे एकूण कार्बन जेमतेम २ टक्क्यांनी उतरला आणि एकूण पाणीवापर ८ टक्क्यांनी चढला. दर नगाची सुधारणा नगांच्या संख्येने गिळून टाकली. कोणत्याही ऐच्छिक करारात ‘कमी माल विकू’ असे कलम सापडत नाही, कारण तसे कलम घातले तर सही करायला कुणी येणार नाही.

ब्रिटनच्या संसदेला हे आधीच दिसले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या पर्यावरण लेखापरीक्षण समितीने, मेरी क्रे यांच्या अध्यक्षतेखाली, ‘फिक्सिंग फॅशन’ हा अहवाल मांडला. त्यातली सूचना साधी होती. प्रत्येक नव्या कपड्यामागे उत्पादकाकडून एक पेनी घ्या. त्यातून वर्षाला साडेतीन कोटी पौंड उभे राहतील आणि कपडे गोळा करण्याची, निवडण्याची यंत्रणा त्यावर चालेल. एक पेनी! लंडनमध्ये त्या नाण्याला काही विकत मिळत नाही. सरकारने ती सूचना त्याच वर्षी जूनमध्ये फेटाळली, आणि सुरू असलेल्या ऐच्छिक योजनेकडे बोट दाखवले. म्हणजे कचरा कमी करण्यात अपुरी पडत असलेली योजनाच कायदा न करण्याचे कारण ठरली. २०२४ मध्ये त्याच मेरी क्रे पर्यावरण खात्यात राज्यमंत्री झाल्या, तरी २०२५ संपेपर्यंत ती पेनी वसूल झालेली नव्हती.

ऐच्छिक करारावरचा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. तो नुसता निष्प्रभ असता तर चालले असते. तो कायद्याची जागा अडवून बसतो.

सामील न होणाऱ्यांचे काय, हा प्रश्नही उरतोच. ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये ‘सीमलेस’ नावाची योजना उभी राहिली. सहभागी ब्रँडने दर कपड्यामागे चार सेंट भरायचे आणि त्या पैशातून संकलन व पुनर्वापर चालवायचा, अशी तिची रचना. रचना उत्तम, पण ऐच्छिक. ज्याने सही केली त्याला चार सेंट लागतात, ज्याने केली नाही त्याला एकही लागत नाही, आणि कचरापेटीत दोघांचेही शर्ट एकत्रच पडतात. तेव्हाच्या पर्यावरणमंत्री टॅनिया प्लिबरसेक यांनी शेवटी जाहीर बजावले, की उद्योग स्वतःहून पुढे आला नाही तर नियम करावे लागतील. कायद्याचा धाक न दाखवता योजना भरत नसेल, तर मग कायदाच का नको?

‘उद्योगाला वेळ द्या, तंत्रज्ञान येते आहे’ असे म्हणणाऱ्यांनी स्वीडनमधल्या सुंड्सवाल गावाची हकिकत पाहावी. तिथे जुन्या कागद गिरणीच्या जागेत ‘रिन्यूसेल’ कंपनीने २०२२ मध्ये कारखाना सुरू केला. जुन्या सुती कपड्यांचा लगदा करायचा आणि त्यातून पुन्हा धाग्यासाठी कच्चा माल काढायचा, हे काम तिथे मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. वर्षाला ६० हजार टनांची क्षमता होती. एच अँड एम हा तिचा मोठा भागधारक. जगभरच्या ब्रँडनी कौतुक केले, इरादापत्रे दिली, छायाचित्रे काढली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, कारण लगद्याला पुरेशा ऑर्डरच आल्या नाहीत. नव्या कच्च्या मालापेक्षा तो महाग पडत होता, आणि अमुक टक्के पुनर्वापरित धागा वापरलाच पाहिजे असे कुणावर बंधन नव्हते. पुढे एका गुंतवणूक कंपनीने ती विकत घेतली, म्हणून कारखान्याचे भवितव्य तरले. तंत्रज्ञान चालत होते. हमखास गिऱ्हाईक नव्हते, आणि ते कायद्यानेच तयार होऊ शकले असते.

आता दुसरी बाजू. फ्रान्सने २००७ मध्ये कपडे, घरगुती कापड आणि पादत्राणे यांच्यासाठी उत्पादकाची जबाबदारी कायद्यात घातली. जो बाजारात माल आणतो त्याने किती नग आणले ते कळवायचे आणि प्रत्येक नगामागे ठरलेले शुल्क ‘रीफॅशन’ या संस्थेकडे भरायचे. यातला पहिला भागच मला मोलाचा वाटतो: मोजणी. २०२३ मध्ये फ्रान्सच्या बाजारात आठ लाख टनांहून अधिक माल आला आणि सुमारे २ लाख ६८ हजार टन जुने कपडे वेगळे गोळा झाले, हे तिथल्या कुठल्याही नागरिकाला पाहता येते. न विकलेला माल नष्ट करण्यावर २०२० च्या कायद्याने बंदी घातली आणि ती २०२२ पासून अमलात आली. त्यामागे बर्बरीसारखी प्रकरणे होती. या ब्रिटिश कंपनीने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, लोक संतापले, आणि कंपनीने ती प्रथा थांबवली. पण पकडली गेली ती एक कंपनी. आता जुलै २०२६ पासून युरोपीय संघातल्या मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे नष्ट करण्याची मुभा नाही.

फ्रान्सचे सगळे सुरळीत आहे असे मुळीच नाही, आणि विरोधक त्याचा दाखला आवर्जून देतात. जुलै २०२५ मध्ये ‘ल रले’ या सहकारी तत्त्वावरच्या संस्थेने कपडे गोळा करणेच बंद केले आणि दुकानांसमोर जुन्या कपड्यांच्या पिशव्या नेऊन ओतल्या. १९८४ पासून बेरोजगार आणि उपेक्षित माणसांना कामावर घेत ही संस्था चालली आहे. निवडलेल्या दर टनामागे तिला १५६ युरो मिळत होते, खर्च ३०४ युरोंचा होता असे तिचे म्हणणे. पण या भांडणाचा शेवट पाहा. सरकारने मध्यस्थी केली आणि दर टनाला २२३ युरो मिळतील असे ठरले. भांडता आले, कारण दर ठरवणारी एक कायदेशीर जागा होती, पैसे कुणी भरायचे हे लिहिलेले होते. ऐच्छिक करारात अशा संस्थेने पिशव्या कुणाच्या दारात ओतायच्या?

भारताकडे वळताना एक आकडा दोन्ही बाजू वापरतात. ‘फॅशन फॉर गुड’ या संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासानुसार देशात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापडाचा कचरा जमा होतो, जगातल्या एकूण कचऱ्याच्या साडेआठ टक्के. त्यातला ५९ टक्के पुनर्वापरातून किंवा प्रक्रियेतून पुन्हा कापडाच्या व्यवसायात येतो. ‘बघा, आपण आधीच जगाच्या पुढे आहोत’ असे या आकड्यावरून म्हटले जाते. पण हा ५९ टक्के कुणाच्या जिवावर उभा आहे, हे त्याच वाक्यात सांगितले जात नाही.

बोहारणीचेच घ्या. मुंबई-ठाण्याच्या जुन्या चाळींतून आणि सोसायट्यांतून डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन फिरणारी ही बाई कपड्याची जगातली सर्वांत कसलेली पारखी आहे. पँट उजेडाकडे धरून ती गुडघ्यात विरली आहे का पाहते, शर्टाची कॉलर उलटते, काखेतली शिवण ताणते, चेन वरखाली करते. एका पातेल्यासाठी आणखी एक साडी मागते, आणि घरातली बाई एक झाकणी जास्त मागते. तिथून तो कपडा जुन्या कपड्यांच्या बाजारात जातो, धुतला-रफू केला जातो आणि मजुराच्या अंगावर चढतो. या साखळीत ब्रँडचा एक पैसाही नाही. आणि अलीकडे बोहारणीच्या पाटीतून कपडे परत येतात, कारण चार धुण्यांत गोळे धरणारा पॉलिस्टरमिश्रित टॉप, ताणलेली लायक्राची लेगिंग तिला विकता येत नाही. साडीची गोधडी होत होती, आजोबांच्या धोतराची दुपटी होत होती, कारण कापड तसे होते. लेगिंगची गोधडी शिवून कुणी पांघरणार नाही. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनीच परंपरेत न बसणारे कापड बाजारात आणले आहे.

पानिपतचे वास्तव तर आणखी जवळून पाहायला हवे. चिंध्यांपासून पुन्हा लोकर कातण्याची ही विद्या यॉर्कशायरच्या बॅटली गावात १८१३ मध्ये बेंजामिन लॉ याने सुरू केली. इंग्लंडमधून ती इटलीतल्या प्रातोला गेली आणि नंतर पानिपतला स्थिरावली. युरोप-अमेरिकेतले जुने कोट आणि स्वेटर कांडला बंदरातून इथे येतात. उभ्या रोवलेल्या पात्यासमोर, आपल्याकडे बाई विळीवर बसते तशी, बायका बसतात. एका ओढीत कोटाची बाही सुटते, दुसरीत अस्तर, मग बटणे, चेन, लेबल. लाल लालमध्ये, निळे निळ्यात, म्हणजे पुन्हा रंगवावे लागत नाही. मग यंत्र त्या चिंध्या ओरबाडून तंतू मोकळे करते आणि हवेत धूळ भरून राहते. दर फेरीत तंतू आखूड होतो, म्हणून त्यात नवा धागा मिसळावा लागतो, आणि निघते ते बहुधा जाडेभरडे कांबळे. कपड्याचा पुन्हा कपडा होतो असे नाही. लंडनच्या दुकानाने ज्या कोटावर नफा कमावला, त्याचा शेवट निस्तरणाऱ्या या बाईच्या मजुरीत त्या दुकानाचा वाटा शून्य आहे. ब्रिटनने न घेतलेली ती एक पेनी खरे तर हिच्याकडे यायला हवी होती.

शिवाय भारतात कारखान्यातली कात्रणे आणि घरातले जुने कपडे यांत फरक करायला हवा. तिरुपूरच्या बनियन कात्रणांना, इचलकरंजीच्या सूतगुंड्यांना भाव असतो, कारण माल स्वच्छ असतो आणि तो सुती की पॉलिस्टर हे घेणाऱ्याला ठाऊक असते. घरातून बाहेर पडणारा फाटका, ओला, मिश्र धाग्याचा कपडा घेऊन काय करायचे, हे कुणालाच ठाऊक नसते. देशातल्या कापडकचऱ्याचा जवळपास निम्मा भाग हाच आहे. पुण्यात १९९३ पासून संघटित झालेल्या कागद-काच-पत्रावेचकांना बाटलीचे पैसे मिळतात, ओल्या चिंधीचे मिळत नाहीत. ज्याला भाव नाही ते वेचणाऱ्याच्या श्रमावर सोडून देणे हे सहकार्य नव्हे.

राहिला यंत्रमागधारकाचा प्रश्न. भिवंडी-मालेगावचा माग बंद पडेल ही भीती खरी असती, तर हा लेख लिहायचे कारणच नव्हते, कारण लाखो माणसांचे पोट त्यावर आहे. पण तिथला मागवाला बहुतांश व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कच्चे कापड विणतो. त्याचे नाव कुठल्याही कपड्यावर नसते. जबाबदारी टाकायची ती आपल्या नावाने तयार कपडा बाजारात आणणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि ऑनलाइन विकणाऱ्या मंचावर. प्लास्टिकच्या २०२२ च्या नियमांत सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालकांना सूट आहे, तशीच इथेही देता येईल. नोंदी ठेवण्याचा बोजा पडेल म्हणावे तर जीएसटीच्या विवरणात तयार कपडे ६१ आणि ६२ या प्रकरणांखाली, नगांच्या संख्येसह आजही नोंदले जातात. माहिती सरकारदरबारी पोचते आहे; ती लोकांसमोर ठेवायची इच्छा हवी.

कायदा केला म्हणजे झाले, असेही कुणी समजू नये. प्लास्टिकच्या बाबतीत २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला पुनर्वापराची सुमारे सहा लाख खोटी प्रमाणपत्रे सापडली. ती महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या काही प्रक्रियाकारांनी तयार केली होती. काम न करता कागद विकला गेला होता. कपड्याचा नियम करताना हा धडा घ्यायला हवा: पैसा प्रमाणपत्राला देऊ नये, गोळा करून वजन झालेल्या आणि निवडलेल्या टनाला द्यावा, आणि तो बोहारीण, कचरावेचक, पात्यावर बसणारी बाई यांच्यापर्यंत पोचल्याचा हिशेब मागावा. खोटी प्रमाणपत्रे सापडली तीसुद्धा तपासण्याचा अधिकार कायद्याने दिला होता म्हणून. ‘शुअर’ संकल्पात काय खोटे, काय खरे, हे तपासायला कुणाकडे अधिकार होता?

उद्योगाशी सहकार्य हवेच. कोणता धागा कशात मिसळला हे उद्योगालाच माहीत असते, लेबलावर ते यंत्राला वाचता येईल असे छापणे त्यालाच जमते, लायक्रा वगळून तेवढीच आरामदायी पँट शिवण्याची अक्कल त्याच्याच नमुनेघरात आहे. पण ही चर्चा शुल्क किती, सूट कुणाला, मुदत केवढी यावर व्हावी. जबाबदारी घ्यायची की नाही, हा प्रश्न त्या टेबलावर असू नये.

महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या नावातच ‘एकात्मिक व शाश्वत’ हे शब्द आहेत, आणि त्याचे मुख्य हत्यार भांडवली अनुदान आहे. अमरावतीला पीएम मित्र योजनेतले वस्त्रोद्योग उद्यान उभे राहते आहे. अनुदानाच्या अर्जासोबत दरवर्षी बाजारात आणलेल्या मालाचे टन, न विकलेल्या मालाचे काय केले आणि किती कापड परत घेतले, हे तीन आकडे जाहीर करण्याची अट घालायला संसदेचा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. जनतेच्या पैशातून अनुदान घेणाऱ्या कंपनीला ही अट जाचक वाटत असेल, तर तिने अनुदान घेऊ नये.